थिबाच्या गावातली पीएचडी

इंग्रजी साहित्यात पीएचडी करायची तर काय लागतं, हा प्रश्न एम.ए.च्या वर्गात दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. नियमावलीतलं उत्तर दहा मिनिटांत सांगून होतं. एम.ए.ला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के. नेट, सेट किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, त्यानंतर मुलाखत. मान्यताप्राप्त गाइड, कोर्सवर्क, दर सहा महिन्यांनी समितीपुढे सादरीकरण, शेवटी प्रबंध आणि व्हायवा. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा. बायकांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. मुलं हे वहीत उतरवून घेतात आणि समाधानानं निघून जातात. माझं स्वतःचं रजिस्ट्रेशन झालं तेव्हा माझ्याही वहीत एवढंच होतं.

मी रत्नागिरीत पदवीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. सेट आधीच झाली होती, त्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या ‘पेट’ या प्रवेश परीक्षेतून सूट मिळाली. मुलाखत मात्र चुकत नाही. माझ्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६चे नियम लागू होते. त्यांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. हा आकडा वाचताना काही वाटत नाही, गाइड शोधायला लागलं की त्याचा अर्थ कळतो. फोनवर सगळे गोड बोलायचे, विषय ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘जागा रिकामी झाली की कळवतो.’ एखाद्याचा विद्यार्थी प्रबंध सादर करील तेव्हा आपला नंबर! शेवटी मुंबईतले एक सर तयार झाले. त्यांची पहिली अट होती की येण्याआधी शोधगंगा उघडून बसायचं.

शोधगंगा म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. मला अमिताव घोष यांच्या कादंबऱ्यांतल्या स्थलांतरावर काम करायचं होतं. घोषांचं नाव टाकलं आणि पानांमागून पानं उलगडत गेली. स्थलांतर, विस्थापन, डायस्पोरा, इतिहास, स्मृती, समुद्र. शीर्षकं अशी की एकातले शब्द काढून दुसऱ्यात घातले तरी चालावं. सरांना म्हटलं, ‘सर, सगळं होऊन गेलंय.’ ते म्हणाले, ‘विषय होऊन गेलेत. प्रश्न कुणाचा आहे का बघा. तुम्ही रत्नागिरीच्या ना? मग थिबाला सोडून कुठे निघालात?’

थिबाला रत्नागिरीकर सोडू शकतच नाही. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८६ साली इंग्रजांनी इथे आणून ठेवला आणि १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षांचा बंदिवास. आमच्याकडे थिबा पॅलेस आहे, थिबा पॉइंट आहे, शिवाजीनगरला त्याची समाधी आहे. म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ साली त्या समाधीवर येऊन गेले. थिबाची नात टुटू रत्नागिरीतच संसार करून, मराठी बोलत म्हातारी झाली. सासूबाईंच्या पिढीला ती चांगली आठवते. घोषांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या २०००च्या कादंबरीत सात भाग आहेत आणि दुसऱ्या भागाचं नावच ‘रत्नागिरी’ आहे. आपलं गाव इंग्रजी कादंबरीत वाचण्याची जी हौस असते ती मला भरपूर होती.

मुलाखतीत समितीतल्या एका मॅडमनी त्या हौसेवरच बोट ठेवलं. ‘तुम्ही तिथल्या आहात म्हणून हा विषय, की कादंबरीत काही दिसलंय म्हणून?’ मी म्हटलं, ‘कादंबरीत राजा सतत पाहत असतो.’ दुर्बीण घेऊन गच्चीत उभा राहणारा, समुद्रातली गलबतं न्याहाळणारा राजा. ज्याच्यावर पाळत ठेवायची तोच सगळ्या गावावर नजर ठेवून आहे, आणि गावाची समजूत अशी की समुद्रानं कुणाचा बळी घेतला तर ते आधी राजाला कळतं. मॅडम म्हणाल्या, ‘हं. यातून काही निघेल.’ तेवढ्यावर प्रवेश मिळाला.

त्या ‘काही’चा आराखडा व्हायला वर्ष गेलं. सर म्हणाले, एका राजावर प्रबंध होत नाही, त्याच्यासमोर दुसरा उभा करा. तो ‘सी ऑफ पॉपीज’ या २००८च्या कादंबरीत सापडला. रासखालीचा जमीनदार राजा नील रतन हालदार खोट्या दस्तऐवजाच्या आरोपाखाली तुरुंगात जातो आणि काळ्या पाण्याच्या शिक्षेवर जहाजात चढवला जातो. थिबाला नोकरचाकर आहेत, बंगला आहे, फक्त बाहेर जायला मुभा नाही. नीलला कोठडीत व्यसनानं लोळागोळा झालेल्या सोबत्याची घाण स्वतःच्या हातांनी काढावी लागते. सत्ता गेलेल्या माणसाकडे काय उरतं? एकाकडे नजर उरते, दुसऱ्याकडे हात. हे वाक्य मी आराखड्यात लिहिलं. सरांनी त्याखाली रेघ मारून समासात पहिल्यांदा तो शेरा लिहिला: ‘कुठे?’

पुढे तो शेरा पानोपान भेटला. म्हणजे हे कादंबरीत नेमकं कुठे आहे, कुठल्या पानावर, कुणाच्या तोंडी, निवेदक सांगतो की पात्राला वाटतं. नीलला त्या कोठडीत कमीपणा वाटतो की सुटका वाटते, हे कुठे? ‘वाटतं’, ‘जाणवतं’, ‘सूचित होतं’ या क्रियापदांवर सरांचा विशेष राग. ‘कुणाला जाणवतं? तुम्हाला ना? मग वाचणाऱ्यालाही ते त्याच पानावर जाणवलं पाहिजे.’ माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी भारदस्त दिसावं म्हणून विशेषणं पेरायची सवय. ‘कुठे?’ला उत्तर द्यायला बसलं की विशेषणं आपोआप गळायची, कारण त्यांचा पत्ता सांगता येत नसे.

रत्नागिरीत राहण्याचा इथे फायदा होईल अशी माझी समजूत होती, आणि इथेच सरांनी सर्वांत जास्त छळलं. पाहुणे आले की आपण त्यांना थिबा पॅलेसवर नेतो. वरच्या मजल्यावरून खाडी, समुद्र दाखवतो. कादंबरी वाचलेला कुणी असला तर हमखास विचारतो, ‘राजा दुर्बीण घेऊन इथेच उभा राहायचा का?’ तर नाही. हा राजवाडा १९१० साली तयार झाला. कादंबरीतला रत्नागिरीचा भाग बराचसा त्याच्या आधीचा आहे आणि त्यातला राजा आउट्रम हाउस या टेकडीवरच्या बंगल्यात राहतो. म्हणजे आज पर्यटक ज्या जागी उभं राहून फोटो काढतात ती कादंबरीतली जागा नव्हे. शिवाय कादंबरीतले कलेक्टर डे आणि त्यांची पत्नी उमा ही घोषांनी घडवलेली माणसं. ‘तुम्ही घोषांच्या चुका काढायला बसलेला नाहीत,’ सर बजावायचे. ‘खरा बंगला कसा होता हे इतिहासाचं काम. लेखकानं तो असा का रचला हे तुमचं. गावची ओळख हा पुरावा होत नाही.’

तरी इतिहास वाचायला लागलाच. सुधा शहा यांचं २०१२चं ‘द किंग इन एग्झाइल’ जवळजवळ पाठ झालं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जाऊन थिबाविषयीचा सरकारी पत्रव्यवहार काढला. चिठ्ठी भरायची, खंड येईपर्यंत बसायचं, कोपरे कुरतडलेली पानं दोन बोटांनी उलटायची. राजाच्या खर्चाची, घराच्या दुरुस्तीची, कुणी भेटायला यावं याची लांबलचक चर्चा. त्यातून प्रबंधात आली ती जेमतेम काही पानं. पण राजावर नजर ठेवणाऱ्यांची भाषा कशी असते हे कळल्यावर कादंबरीतला पाहणारा राजा किती जाणीवपूर्वक रचलेला आहे ते दाखवता आलं. इंग्रजीच्या प्रबंधात पुराभिलेखागाराचं काम एवढंच, पण ते दुसऱ्या कशानं झालं नसतं.

मुंबईच्या खेपांचं सांगायचं तर रात्रीची कोकणकन्या, पहाटे ठाणं, कुर्ल्याला उतरून कलिन्याला विद्यापीठात. कोर्सवर्क मेच्या सुट्टीत डोंबिवलीला मावशीकडे राहून केलं. संशोधनपद्धती, संदर्भ देण्याची रीत, संगणकाचा वापर, साहित्यसिद्धान्त. मावशी पहाटे डबा करून द्यायची. घरी सासूबाईंना हे प्रकरण शेवटपर्यंत पटलं नाही. ‘शिकवत्येस ना कॉलेजात? मग आता आणखी कसली परीक्षा गो?’ असं म्हणत त्यांनीच गणपतीतला अर्धा स्वयंपाक अंगावर घेतला.

२०२०च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या आणि वाचनालयंही बंद झाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक, तेही कुलूपबंद. जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, पुढच्या वर्षी तौक्ते. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं, तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, तेव्हा आपली पुस्तकं कोरडी आहेत याचीसुद्धा लाज वाटली. समितीपुढची सादरीकरणं ऑनलाइन सुरू झाली. वीज गेली की मोबाइल घेऊन रेंज असेल त्या खिडकीत जायचं.

प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध नियतकालिकात आणि दोन परिषदांत, अशी तेव्हा अट होती. तिनं एक बाजारच उभा केला होता. ‘पैसे भरा, तीन दिवसांत निबंध प्रसिद्ध,’ असे संदेश व्हॉट्सअॅपवर यायचे. आयोगानं २०१८ साली आपल्या यादीतून चार हजारांवर नियतकालिकं काढून टाकली, २०१९मध्ये ‘केअर’ ही नवी यादी आणली. खऱ्या नियतकालिकाकडून उत्तर यायला महिने लागतात आणि उत्तरात बहुधा दुरुस्त्या असतात. माझ्या निबंधावरचा परीक्षकाचा शेरा वाचून मला हसू आलं. वेगळ्या शब्दांत त्यानंही ‘कुठे?’च विचारलं होतं.

शेवटचे महिने किरकोळ वाटणाऱ्या कामांनी खाल्ले. एमएलए पद्धतीनं संदर्भसूची, स्वल्पविराम की पूर्णविराम, भाषांतरकाराचं नाव कुठे. मग वाङ्मयचौर्याची तपासणी. २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. नीट श्रेय दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत, सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्यही वगळतात. सॉफ्टवेअरला मात्र हे सांगावं लागतं. पहिल्या अहवालात माझ्या प्रबंधाचं मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठाचं नावसुद्धा रंगीत होऊन आलं होतं.

प्रबंध परीक्षकांकडे गेला की हातात काही उरत नाही. अहवाल अनुकूल आले आणि व्हायवाची तारीख लागली. व्हायवा खुली असते. विभागातले शिक्षक, इतर संशोधक, कुणीही बसू शकतं. बाहेरच्या परीक्षकांनी सुरुवातीलाच विचारलं, ‘रत्नागिरीत राहिल्यामुळे तुम्हाला काय दिसलं नाही?’ काय दिसलं, याची तयारी होती. थोडं थांबून मी म्हटलं, ‘राजाचा परकेपणा. आमच्यासाठी तो गावातलाच आहे. त्याला इथे काही कळत नव्हतं, भाषा, हवा, जेवण, हे मला कादंबरीतून शिकावं लागलं.’ त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, ‘कुठल्या प्रसंगातून?’ सर माझ्याकडे न बघता हसले. मी पान सांगितलं.

आता नियम बदललेत. २०२२पासून एम.फिल. बंद झालं, शोधनिबंधाची सक्ती गेली, कोर्सवर्कचे किमान श्रेयांक आठावरून बारावर गेले. २०२४पासून नेटच्या गुणांवर पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. पुढेही बदलत राहतील, म्हणून मी मुलांना ताजी अधिसूचना वाचायला सांगते. त्याबरोबर एक काम देते. आवडत्या कादंबरीतला एक परिच्छेद घ्या आणि त्यावर दोन पानं लिहा, ज्यातल्या प्रत्येक विधानाला पान क्रमांक देता येईल. लांज्याची एक मुलगी गेल्या वर्षी अशी दोन पानं चारदा लिहून आली. चौथ्या खेपेला ती म्हणाली, ‘मॅडम, आता मला वेगळंच काहीतरी दिसतंय, पण ते कुठे आहे ते अजून सापडत नाहीये.’ तिला मी गाइडचे फोन नंबर दिले.