उजेडाचा हिशेब

शिरूरहून न्हावरे, चौफुलामार्गे दौंडकडे जाणारा रस्ता गाळपाच्या हंगामात रात्रीही जागा असतो. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस भरलेल्या बैलगाड्या व दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारातून संथपणे सरकत असतात. त्यांपैकी कित्येकांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. अशा रस्त्यावर हेडलाइटवरच जिवाची भिस्त असते.

शिरूरच्या एका भुसार व्यापाऱ्यास वसुलीसाठी दर आठवड्याला दौंडला जावे लागे. वाहन म्हणजे वीस वर्षांहून जुनी, शंभर सीसीची मोटारसायकल. तिचा हेडलाइट मंदावला होता. हॉर्न खणखणीत वाजे, इंडिकेटरही लागत. त्यावरून दोष बल्बचाच, असे त्यांनी ठरवले. बल्ब दोनदा बदलूनही फरक पडला नाही. पुढे कोणी शंभर वॅटचा हॅलोजन सुचवला. त्याच सुमारास एका रात्री उसाची गाडी चार-पाच हातांवर आल्यावरच त्यांना दिसली. ब्रेक लागला, चाक घसरले, गुडघा फुटला, जीव वाचला. घरच्यांनी रात्रीचा प्रवास बंद करण्याचा हट्टच धरला.

दौंडमधील एका वयोवृद्ध वायरमनने मात्र बल्बला हातही लावला नाही. अशा अनेक जुन्या गाड्यांत विजेची दोन स्वतंत्र खाती असतात, हे त्यांनी प्रथम समजावले. हॉर्न व इंडिकेटर बॅटरीवर चालतात. हेडलाइटला वीज थेट इंजिनाच्या कॉइलमधून, रेग्युलेटरच्या नियंत्रणाखाली मिळते. एका खात्यातील शिल्लक पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

मग इंजिन चालू ठेवून त्यांनी एसीवर लावलेल्या मीटरने मोजणी केली. बल्बच्या दोन टोकांत जेमतेम नऊ व्होल्ट. तेच येणारे टोक आणि इंजिनाचा उघडा धातू यांत मात्र बारा. म्हणजे वीज येत होती, परतीच्या वाटेवर गळत होती. व्होल्टेज एक चतुर्थांशाने घटले की साध्या बल्बचा उजेड निम्म्याहूनही खाली येतो. हेडलाइटच्या मागे अर्थिंगचा जोड हिरवट गंजाने माखलेला निघाला. पॉलिश कागदाने तो घासून घट्ट केला, वर थोडे व्हॅसलीन लावले आणि काम संपले.

हॅलोजनचा बेतही तिथेच रद्द झाला. पस्तीस वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपिअर घेतो, शंभर वॅटचा आठांहून अधिक. जुन्या कॉइलला ते पेलत नाही, तारा तापतात, होल्डर वितळतो.

त्या वायरमनची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. डीपर किंवा अपर यांपैकी एकच लागत असेल, तर फिलामेंट व डीपरचे बटण पाहावे. हँडल वळवताना दिवा लुकलुकत असेल, तर तिथली तार आवरणाच्या आत तुटलेली असू शकते. बल्ब वारंवार उडत असतील, तर रेग्युलेटर तपासावा. स्वस्त तपासणी आधी, खर्चाची वस्तू शेवटी.

1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो. जुन्या गाडीला ही सोय नाही; तिची काळजी मालकानेच वाहायची. दिवाळीनंतर उसाच्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी अर्ध्या तासाची ही तपासणी उरकून घेतलेली बरी.