आपल्याच गावी, आपल्या चालीने

मुलामुलींकडे जर्मनीत दोन-तीन महिने राहून परतलेली मंडळी आमच्या इंदिरानगरात आता पुष्कळ भेटतात. रक्तदाब तपासायला आली, की त्यांच्या बोलण्यात हायडेलबर्ग येते. नेकार नदी, तिच्यावरील जुना दगडी पूल आणि पैलतीरावरच्या टेकडीच्या कुशीतून जाणारी ‘तत्त्वज्ञांची वाट’ यांचे वर्णन ती रंगून करतात. मुले कामावर गेली की ही मंडळी एकटीच बाहेर पडत, रमतगमत हिंडत आणि दिवेलागणीला घरी येत. तिकडे गुडघ्यांनी फारशी कुरकुर केली नाही, असेही आवर्जून सांगतात. मी विचारतो, “गोदाघाटावर शेवटचे कधी गेला होता?” बहुतेकांना आठवावे लागते. कोणाच्या तरी दशक्रियेला, नाहीतर पाहुण्यांना रामकुंड दाखवायला!

वाचकहो, नाशिक हेही नदीकाठचे प्राचीन नगर आहे. तेव्हा या हिवाळ्यात आपल्याच शहरासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवा आणि तो एकट्याने, अथवा एकटीने, घालवा, असे माझे सुचवणे आहे.

एकट्यानेच का? कुटुंबात प्रत्येक जण दुसऱ्याच्या चालीने चालत असतो. आई मुलांच्या पावलांशी पाऊल जुळवते, सून सासूबाईंच्या, आणि निवृत्त गृहस्थ मित्रमंडळाच्या. तीस वर्षे असे चालल्यावर आपला स्वतःचा वेग कोणता, दम कोठे लागतो, थांबावेसे केव्हा वाटते, हे शरीराला विचारायचे राहूनच जाते. वैद्यकाच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. चढावर छातीत येणारी ओढ आणि थांबताच तिचे शमणे, ही हृदयरोगाची पहिली खूण असू शकते. सोबतीच्या गप्पांत ती सहज झाकली जाते. गृहिणींच्या बाबतीत तर ‘घरकामाने थकवा येतो’ या एका वाक्याखाली ती वर्षानुवर्षे दडून राहते.

दिवसाचा आरंभ नदीपासून करावा. सकाळी बसने वा रिक्षाने रविवार कारंजावर उतरून अहिल्यादेवी होळकर पुलाकडे चालत जावे. पुलावर थोडे थांबून प्रवाह पाहावा. खाली रामकुंडाच्या परिसरात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. जवळच नारोशंकराचे मंदिर आहे. त्याची भली थोरली घंटा मराठी बोलीतही जाऊन बसली आहे.

तेथून काळाराम मंदिर पायी अगदी जवळ. मधुमेह असलेल्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तळपायाची संवेदना मंदावलेली असेल, तर उन्हाने तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही आणि रात्री पायाला फोड आलेला दिसतो. म्हणून देवदर्शन सकाळीच, दगड थंड असताना करावे. काळ्या पाषाणाच्या या मंदिराच्या दाराशी क्षणभर इतिहासही आठवावा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. आज आपण विनासायास ओलांडतो तो उंबरठा ओलांडण्यासाठी माणसांना किती काळ उभे राहावे लागले! मोकळेपणाने हिंडता येणे ही देणगी सर्वांना सारखी मिळालेली नव्हती.

नदी पुन्हा ओलांडून सराफ बाजारात यावे. पेशवेकालीन सरकारवाडा पाहावा, भांडी बाजारातील तांब्यापितळेची झळाळी न्याहाळावी. खरेदीची यादी मात्र घरीच ठेवावी, नाहीतर त्या दिवसाचे पुन्हा कामच होते. मग सार्वजनिक वाचनालयाकडे वळावे. 1840 पासूनची ही संस्था शहराचे भूषण आहे. एखादे नियतकालिक उघडून बसल्यास पायांनाही विश्रांती मिळते.

जेवण वेळेवर घ्यावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते लांबवू नये, खिशात साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. मिसळीचा मोह झालाच तर ती जरूर खावी. तर्री बेताने घेतली की झाले!

दुपार कलल्यावर परतीच्या दिशेने निघावे. इंदिरानगरातून पाथर्डी फाट्याच्या पुढे दिसणारा त्रिरश्मी डोंगर, म्हणजे आपली पांडवलेणी, रोज नजरेस पडतो. म्हणूनच बहुधा तो पाहिला जात नाही. पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. वर एकूण 24 लेणी आहेत. पायऱ्या चढताना एक सोपी कसोटी लावावी. चालता चालता एक पूर्ण वाक्य सहज बोलता आले, तर वेग योग्य. शब्दागणिक श्वास तुटू लागला, तर थांबावे. मागून येणारा पुढे गेला तरी जाऊ द्यावा. छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, विलक्षण घाम, यांपैकी काही जाणवल्यास तेथेच बसून मदत मागावी, आणि त्रास थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो, म्हणून घाई करू नये.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दरमहा शेकडा एक या दराच्या व्याजातून, येथे वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावेत, अशी ती व्यवस्था होती. गणित करून पाहा, वर्षाचे व्याज नेमके 240 भरते! एरवी अखंड फिरणारे भिक्षू पावसाळ्यात एका जागी थांबत, आणि त्यांच्या थांबण्याची तरतूद समाज करी. आपल्या घरात कोणाच्या एका दिवसाच्या थांबण्याची तरतूद आपण करतो का?

आठवड्याला 150 मिनिटे मध्यम व्यायाम असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या एका दिवसाने तो हिशेब कायमचा पुरा होणार नाही. परंतु आपण किती आणि कसे चालू शकतो, हे कळले की पुढचा नेम धरणे सोपे जाते. आपल्या इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक त्यासाठी जवळच आहे.

निघताना घरी मार्ग सांगून ठेवावा, फोन चार्ज केलेला असावा, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी जवळ बाळगावी. पायांत वापरातले बूट घालावेत; नवे नकोत. आणि घरच्यांना एक विनंती. त्या दिवशी दर तासाला ‘कुठे पोहोचलात?’ असे विचारू नका. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन तळवे निरखून होईपर्यंत पानावर गरम भात वाढून ठेवा. हकिगत त्या वेळी आपोआप ऐकायला मिळेल.