आंबोलीची दैनंदिनी : पाण्यावरच्या फांद्या

४ जुलै, सावंतवाडी
गाडी दोन तास उशिरा. रिक्षा १५०, चहा-भजी ६०, खोली ९००. छत्री गळते. मोजे ओले. झोपतो.

५ जुलै, आंबोली
बस चाळीस मिनिटं उशिरा. घाटात धुकं दाट, पुढच्या गाडीचा दिवाही दिसेना. जेवण १८०, जळवांसाठी मीठ १५. मोजे ओलेच. रात्री चहूकडून बेडकांचा गजर, नजरेला एकही नाही. चिडचिड झाली.

६ जुलै
बॅटरी घेऊन डबक्याच्या काठानं वाकून फिरत होतो. गुरं बांधून परतणारे एक आजोबा थांबले. "खाली कित्याक बघतास? वयर बघा!" त्यांनी काठीनं दाखवलं. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारी उडता बेडूक! पाठ कोवळ्या पोपटी पानासारखी, पोट फिकट पिवळं. पाय मिटून बसला की हिरव्याखेरीज काही दिसत नाही. त्यानं झेप घेतली तेव्हा बोटांमधले नारिंगी-लाल पडदे उघडले. त्या पडद्यांवर हा नऊ ते बारा मीटर तरंगत जातो. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच नाही.

शेजारच्या फांदीवर जोडी होती. मादी चांगली दहा सेंटिमीटरची, पाठीवर लहानखुरा नर. अंगातून स्रवणारा द्रव ती मागच्या पायांनी घुसळत होती, त्याचा पांढरा फेस होत होता. अंडी त्या फेसात. फेस वरून सुकतो, आत ओल टिकते. पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपकतात. आजोबा म्हणाले, "पाणी नाय थंय ती घर बांधूची नाय." मग शेतातली कामं सांगत बराच वेळ उभे राहिले. मीही हललो नाही. इतकं सुंदर काही मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

७ जुलै
दिवसभर खोलीत. चहा चार वेळा, ६०. मोजे.

८ जुलै
त्याच डबक्यावर सकाळी माणसांची गर्दी. फोटोला उजेड नीट मिळावा म्हणून कुणीतरी फेस असलेली डहाळी मोडून रस्त्याकडेला आणून खोचली होती. खाली डांबर. तिथून टपकलेलं एकही पिल्लू जगणार नाही. डहाळी पुन्हा पाण्यावर बांधली, पण फेस अर्धा सांडला होता. फार संताप आला.

पावसाळ्यात आंबोलीला जरूर या. फोटो काढा, पण फांदी वाकवू नका, मोडू नका आणि फेसाला बोट लावू नका.