पेडणे महालातील पेज आणि जगाचे ताट

डिचोलीहून अस्नोडा, थिवी मागे टाकून कोलवाळच्या पुलावर यावे, तो सकाळी शापोरा नदीवर अजून धुके असते. पलीकडे धारगळ लागले की पेडणे महाल सुरू होतो. तेथील एका सरकारी विद्यालयात मी मुख्याध्यापक आहे. आठवडाभर तेथे राहावयाचे आणि शनिवारी डिचोलीला घरी परतावयाचे, असा माझा क्रम.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझ्या रक्तातील साखर पाहून जेवण हलके करण्याची ताकीद दिली. सौ.ने ती मनावर घेतली. घरात परदेशी डबे आणि बाटल्या येऊ लागल्या. महिन्याचा खर्च वाढला, पोट मात्र भरेना. आणि आठच दिवसांत मी गुपचूप बटाटेवड्याकडे वळलो!

पुढे डिसेंबरात हरमलला एका सहकारी शिक्षकाच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांच्या खोलीत एक वृद्ध जपानी दांपत्य उतरले होते. आम्ही गेलो तेव्हा शिक्षकांच्या मातोश्री उकड्या तांदळाची पेज आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी, म्हणजे आमची ‘तोर’, घेऊन बसल्या होत्या. पाहुणे दिसताच त्यांनी संकोचाने वाडग्यावर ताटली झाकली. परंतु त्या जपानी बाईंनी ती हलकेच उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या देशातही आजाऱ्याला तांदळाची अशीच पेज देतात. तिला ते ‘ओकायू’ म्हणतात आणि तोंडी लावावयास खारवलेले आंबट फळ, ‘उमेबोशी’, घेतात. चीनमध्ये तर पेज ही सकाळची नित्याची न्याहारी.

त्या दिवसापासून मी आमच्या स्वयंपाकघराकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. पोर्तुगीजांनी गोवा शहर घेतले १५१० साली; पेडणे त्यांच्या हाती आले ते १७८८ साली. म्हणून आम्ही ‘नव्या काबिजादी’तले. तथापि पिके सत्तेच्या सीमा पाळीत नाहीत. ज्या मिरचीने हरमलचे नाव झाले ती मूळची अमेरिका खंडातली, काजू ब्राझीलचा, बटाटा पेरूकडचा. आमचे लाडके आळसांदे, म्हणजे चवळीचेच भाऊबंद, यांचे मूळ आफ्रिकेत. जग आमच्या ताटात केव्हाच येऊन बसले आहे. डबे विकत घेण्याचे कारण नव्हते.

मग सौ.ने आणि मी काही प्रयोग केले. पोर्तुगालमध्ये ‘काल्दु व्हेर्द’ नावाचे हिरवे सूप करतात. दोन बटाटे व एक कांदा चार पेले पाण्यात शिजवून घोटावे, त्यात दोन मुठी कोवळी शेवग्याची पाने घालून पाचच मिनिटे उकळू द्यावे, आणि वरून चमचाभर खोबरेल तेल व मिरपूड घालावी. तेथे कोबीच्या जातीची पाने आणि ऑलिव्हचे तेल असते, एवढाच फरक. ब्राझीलमध्ये भात आणि घेवड्याची उसळ हे रोजचे जेवण; आम्ही भात निम्मा केला, आळसांदे दुप्पट केले आणि नारळाच्या वाटणाऐवजी लसूण, कांदा व टोमॅटो यांवर भागविले. मेक्सिकोत मक्याच्या पातीत पीठ गुंडाळून उकडतात. आमचे हळदीच्या पानातले पातोळे त्याच कुळातले. तळण्याऐवजी उकडणे ही युक्ती दोन्हीकडच्या गृहिणींना सारखीच ठाऊक होती.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. पेज पातळ असली तरी शेवटी ती तांदूळच. उकड्या तांदळात कोंड्याकडची काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात हे खरे, पण साखरेच्या रोग्याने वाडगे लहानच ठेवावे आणि बरोबर कडधान्य घ्यावे. हलके म्हणजे पाणीदार नव्हे.

बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील माझ्या वाचकभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की जगातील पदार्थ जरूर करावेत, परंतु ते आपल्या गावच्या भाजीबाजारातून करावेत. आणि त्याआधी घरातील वडीलधाऱ्या बाईला, ती लहानपणी काय खात असे, हे विचारावे.

मला ते विचारावयास उशीर झाला. मी मास्तर झालो तेव्हा, “पाहुण्यांसमोर पेज नको,” असे आईला बजावले होते. ती काही बोलली नाही. त्यानंतर इतकी वर्षे ती दहा वाजता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून एकटीच पेज घेत असे. हरमलहून परतल्यावर पहिल्याच रविवारी मी दोन वाडगी बाहेरच्या खोलीत मांडली आणि तिला हाताला धरून आणले. तिने एकवार दाराकडे पाहिले आणि कोंकणीत हळूच विचारले, “आज पावणे येवचे नात?”

आज पाहुणे येणार नाहीत ना, असे ती विचारीत होती. मी दार उघडेच ठेवले आणि तिच्या शेजारी बसलो.