नेपथ्यातील जाग

रविवारच्या संपर्कसत्रासाठी मी मुलुंडहून घाटकोपरला जाते, तेव्हा लोकलच्या डब्यात एक दृश्य हमखास दिसते. समोर बसलेली एखादी बाई पर्समधून मोबाइल काढते, उघडलेल्या सर्व ॲप्सची चळत पडद्यावर आणते आणि निवडणीच्या तांदळातला खडा उडवावा तसे एकेक ॲप अंगठ्याने वर भिरकावून देते. पडदा रिकामा झाला की तिच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. घर झाडून झाल्यावर उमटते तेच. ‘मागे काही चालू ठेवले नाही म्हणजे बॅटरी टिकते’ ही या झाडलोटीमागची श्रद्धा. मीही कित्येक वर्षे या श्रद्धेची निष्ठावंत उपासक होते. ती कशी ढळली आणि ढळल्यावर मी दुसऱ्या टोकाला जाऊन काय करून बसले, ते येथे सांगायचे आहे.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. शहराला वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या होत्या. आणि अशा वेळी मुंबईला उर्वरित जाळ्यापासून अलग करून उजेडात ठेवणारी जी व्यवस्था आहे, ती त्या दिवशी कामी आली नाही. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. टाळेबंदीच्या त्या दिवसांत शिक्षण, कचेरी, औषधपाणी, नातीगोती असे सगळेच मोबाइलच्या आधारावर उभे होते. वीज गेली आणि ज्याच्या त्याच्या हाती उरली ती फोनमधली टक्केवारी. माझ्या हाती एक्केचाळीस टक्के उरले होते.

अकरा वाजता माझे ऑनलाइन संपर्कसत्र होते. घरातले वाय-फाय विजेबरोबरच गेले होते, म्हणून मी मोबाइलच्या इंटरनेटवर सत्र सुरू करण्याचा प्रयत्न केला. दोघेतिघे आले, गेले, पुन्हा आले. शेवटी सत्र रद्द केले आणि बॅटरी वाचवण्याच्या मागे लागले. दर दहा मिनिटांनी फोन हातात घ्यायचा, सगळी ॲप्स भिरकावून द्यायची, मग बातमी पाहायला त्यांतलीच दोन पुन्हा उघडायची आणि पुन्हा भिरकावायची. इतक्या निष्ठेने झाडलोट करूनही दुपारी अडीचच्या आत फोन मान टाकून मोकळा झाला. आमच्या इमारतीत वीज परतली ती दुपार कलल्यावर.

फोन सुरू झाला तेव्हा एका विद्यार्थिनीचे चार हुकलेले कॉल दिसले. ही आमच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी बोरिवलीला राहते आणि एका रुग्णालयात वॉर्डमध्ये मदतनीस म्हणून काम करते. वय अडतीस, घरी एक शाळकरी मुलगा. रात्रपाळी संपवून, अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी चालणाऱ्या लोकलने ती घरी निघाली होती. गाडी अंधेरीच्या पुढे थांबली. रुळांच्या कडेने चालत तिने जोगेश्वरी गाठले आणि फलाटावर बसून, झोप बाजूला सारून ती माझ्या सत्राची वाट पाहत राहिली. सत्र रद्द झाल्याचा निरोप तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता आणि तो देणारी मी चार्जिंगअभावी मुकी झाले होते.

येथे मला २६ जुलै २००५ ची आठवण होते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी घाटकोपरहून लाल बहादूर शास्त्री मार्गाने, कधी घोट्याभर तर कधी कमरेएवढ्या पाण्यातून, मुलुंडला चालत आले होते. तेव्हाचा माझा बटनांचा छोटा फोन दुसऱ्या दिवशीही जिवंत होता. कॉल मात्र लागत नव्हता. तेव्हा फोनात जीव होता आणि वाट बंद होती. पंधरा वर्षांनी वाट बरीचशी उघडी होती आणि फोनातला जीव गेला होता. त्या जुन्या फोनला ‘मागे’ असे काही नव्हतेच. बोलणे आणि संदेश, दोन्ही समोर, दोन्ही आपण हात लावला तरच. नव्या फोनला मात्र रंगमंचाएवढीच मोठी मागची बाजू आहे.

या मागच्या बाजूचे रीतसर दर्शन मला घडवले तेही एका विद्यार्थ्यानेच. घाटकोपर पश्चिमेला स्टेशनजवळच्या एका गाळ्यात तो मोबाइलदुरुस्ती करतो आणि जोडीला मराठीची पदवी घेतो. फोन त्याच्याकडे नेला तेव्हा ‘बॅटरी बदलून दे’ एवढेच माझे म्हणणे होते. त्याने बॅटरी तपासली आणि ती अजून ठीक असल्याचे सांगितले. मग विचारले, “मॅडम, तुम्ही ॲप्स सारखी वर ढकलून देता का?” मी अभिमानाने होकार दिला. तो हसला. “समोरचं पुसून काय होतंय? मागनं कोण येतंय-जातंय ते बघा.”

त्याने जे समजावले ते माझ्या शब्दांत असे. चळतीत दिसणारी बहुतेक ॲप्स चालू नसतातच. आपण सोडून गेलो की थोड्या वेळाने ती गोठवली जातात. फोनच्या स्मृतीत थोडी जागा अडवतात, पण वीज जवळजवळ घेत नाहीत. जागेची गरज लागली तर फोन स्वतःच त्यांना बाहेर काढतो. आपण त्यांना भिरकावले आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडले, तर सारी मांडामांड फोनला मुळापासून करावी लागते आणि तिला अधिक वीज लागते. म्हणजे त्या सोमवारी मी वीज वाचवत नव्हते, नेमाने उधळत होते. पुढे वाचनात आले की २०१६ मध्ये गूगलचे हिरोशी लॉकहायमर आणि ॲपलचे क्रेग फेडेरिगी या दोघांनीही, ॲप्स अशी बंद केल्याने बॅटरी वाचत नाही, असे सांगितले होते. दोन प्रतिस्पर्ध्यांचे ज्या थोड्या गोष्टींवर एकमत आहे, त्यांतली ही एक. आमच्या डब्यापर्यंत ते अद्याप आलेले नाही.

मग वीज जाते कोठे? त्याने सेटिंग्जमधला बॅटरीचा तपशील उघडला. पडद्याचा उजेड सर्वांत वर होता, ते अपेक्षितच. त्याच्या खाली मात्र खरेदीचे एक ॲप होते, जे मी महिनाभर उघडलेही नव्हते. ते दिवसभर मागच्या मागे माल आणि सवलती ताज्या करत बसले होते. बातम्यांचे एक ॲप तेच करत होते. छायाचित्रांची प्रत दूरच्या साठ्यात चढवणारे एक होते. आणखी एकाला मी कधीतरी घाईत माझे ठिकाण सदासर्वकाळ पाहण्याची परवानगी दिली होती. मी स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात गेले, यात त्याला काय रस असावा हे कळत नाही. शिवाय सिग्नल क्षीण असला की मनोऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी फोनला अधिक जोर लावावा लागतो. वीज गेली की मनोरेही आपापल्या राखीव बॅटऱ्यांवर येतात आणि त्या संपल्या की एकेक मनोरा मिटतो. उरलेल्या दूरच्या मनोऱ्याला माझा फोन त्या दुपारी ओरडून हाका मारत असणार.

‘बॅकग्राउंड’ला आपण सरसकट ‘पार्श्वभूमी’ म्हणतो. कादंबरीची पार्श्वभूमी आपण अभ्यासतो, पण ती स्वतः काही करत नाही. नुसती पसरलेली असते. मोबाइलच्या मागच्या बाजूला मला ‘नेपथ्य’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. आजच्या मराठीत नेपथ्य म्हणजे प्रेक्षकांना समोर दिसणारी रंगमंचाची सजावट. संस्कृत नाटकांत मात्र नेपथ्य ही पडद्यामागची जागा. नट रंगभूषा-वेशभूषा करतात ती. ‘नेपथ्ये’ अशी रंगसूचना आली की आवाज पडद्याआडून येतो आणि त्या आवाजाने रंगमंचावरचे कथानक वळण घेते. मागची जागा दाखवणारा शब्द चालत चालत समोर येऊन उभा राहिला, हा अर्थपरिवर्तनाचा सुंदर नमुना आहे. परीक्षेत उदाहरण म्हणून खुशाल लिहावा.

या नेपथ्यातल्या गर्दीवर फोन बनवणाऱ्यांनीही लगाम घातलेले आहेत. ॲपलने २०१३ मध्ये, आयओएसच्या सातव्या आवृत्तीत, कोणते ॲप मागच्या मागे ताजे व्हावे हे ठरवण्याची मुभा वापरणाऱ्याला दिली. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ आले. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, तर तो डुलकी घेतो; मग ॲप्सनी वाटेल तेव्हा उठून इंटरनेट गाठायचे नाही, ठरावीक अंतराने थोडा वेळ दार उघडेल तेव्हा सगळ्यांनी मिळून आपापली कामे उरकायची. २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून तर फोन आपल्या सवयी पाहून ॲप्सची प्रतवारी लावतो: रोजच्या वापरातल्याला मोकळीक, विरळ वापरातल्याला चाप. काही फोनांत ‘झोपलेली’ आणि ‘गाढ झोपलेली’ अशा ॲप्सच्या वेगळ्या याद्याही असतात. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. त्यांतल्या तीन फोनने गाठल्या म्हणायला हरकत नाही. चौथीची जाहिरात अजून आलेली नाही.

हे सारे कळल्यावर शहाण्या माणसाने खरेदीचे आणि बातम्यांचे ॲप आवरले असते, ठिकाणाची परवानगी ‘फक्त वापरताना’ एवढ्यापुरती ठेवली असती आणि थांबले असते. नव्याने ज्ञान झालेल्या माणसाला थांबता येत नाही. मी घरी येऊन यादीतल्या प्रत्येक ॲपचा पार्श्वभूमीतला वापर प्रतिबंधित करून टाकला. ‘संदेश उशिरा येऊ शकतील’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर आली, ती न वाचता ‘ठीक आहे’ दाबले. परिणाम विलक्षण होता. रात्री झोपताना साठ टक्के, सकाळी एकोणसाठ. ही संख्या मी सहकाऱ्यांना अभिमानाने दाखवत असे.

जानेवारी २०२१. द्वितीय वर्षाचे गृहपाठ ऑनलाइन सादर करण्याची मुदत एका रात्री बारा वाजता संपत होती. सादर करण्यापूर्वी समंत्रकाची संमती आवश्यक होती आणि त्या गटाची समंत्रक मी होते. माझ्या समजुतीप्रमाणे सगळ्यांच्या संमती देऊन झाल्या होत्या. फोन शेजारी ठेवून मी वाचत बसले. तो अगदी शांत होता. दहाच्या सुमारास दिवा मालवून झोपले. सकाळी सहाला संदेशांचे ॲप उघडले आणि धबधबा कोसळावा तसे संदेश कोसळले. त्यांत बोरिवलीच्या त्याच विद्यार्थिनीचे तीन होते. पहिला सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांचा: “मॅडम, माझी संमती राहिलीय.” दुसरा नऊचा: “मी ड्यूटीवर आहे, कॉल करता येत नाही, एवढं बघाल का?” तिसरा अकरा चाळीसचा: “झोपला असाल. असू दे.”

झोपले मी दहा वाजता. सात वाजता जागी होते, नऊ वाजता जागी होते, आणि फोन हाताच्या अंतरावर होता. वॉर्डमध्ये, रात्रपाळीच्या फटीफटींतून लिहिलेला तिचा तो गृहपाठ त्या सत्रात जमा झाला नाही. मी अर्ज केला, रदबदली केली, पण मुदत ही मुदत असते. पुढच्या सत्रात तिने तो नव्याने लिहिला. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही.

मी पुन्हा त्या गाळ्यात गेले. विद्यार्थ्याने फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. “मॅडम, जागं राहणं वेगळं आणि हाक मारल्यावर जागं होणं वेगळं. तुम्ही हाकच बंद केलीत.” मग कळले की संदेश यावा म्हणून संदेशाच्या ॲपने रात्रभर ताटकळत बसण्याची आवश्यकता नसते. सगळ्या ॲप्ससाठी मिळून बाहेरच्या जगाशी फोनचा एकच धागा जोडलेला असतो. निरोप त्या धाग्यावरून येतो, फोन ज्याचा त्याला उठवतो, काम झाले की ते पुन्हा पडून राहते. त्यात वीज अगदी थोडी जाते. मी एका टक्क्याच्या काटकसरीसाठी उठवण्याची सोयच काढून घेतली होती. या फरकाला मराठीत वेगळा शब्द हवा असे मला वाटत राहते. ‘जागृत’ म्हणजे जागा झालेला. हाकेला जागा होऊ शकणारा, त्याला काय म्हणावे? आजी ‘सावध झोप’ म्हणायची. तान्हे मूल असलेल्या बाईची झोप.

आता माझ्या फोनात खरेदी आणि बातम्या निजलेल्या असतात. छायाचित्रे चार्जिंगला लावल्यावरच वर चढतात. रेल्वेच्या तिकिटाच्या ॲपला मी तिकीट काढताना तेवढे माझे ठिकाण कळते. संदेशांचे ॲप, अभ्यासकेंद्राचे ॲप आणि मुलुंडच्याच दुसऱ्या टोकाला एकट्या राहणाऱ्या वडीलबहिणीशी बोलायचे ॲप, या तिघांना हाकेला उठण्याची मुभा आहे. सकाळी चार-पाच टक्के कमी झालेले असतात. ती संख्या मी कोणाला दाखवत नाही.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेअकराला फोन किणकिणला. बोरिवलीची विद्यार्थिनी, पदवी मिळवून आता ती एम.ए. करते. “मॅडम, जाग्या आहात का? ध्वनिविचारातला एक प्रश्न अडलाय.” मी उठून बसले आणि उत्तर लिहू लागले. फोन तेव्हा एकोणीस टक्क्यांवर होता.