शेजाऱ्यांची नजर आणि एमीचे घर

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांना माणसे पुरेनाशी झाली, तेव्हा तेथील शासनाने परदेशांशी मजूरभरतीचे करार करण्यास सुरुवात केली. १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६३ मध्ये मोरोक्कोशी असे करार झाले. या करारांन्वये आलेल्यांना 'गास्टआर्बाइटर', म्हणजे पाहुणे कामगार, असे म्हटले जाई, आणि पाहुणा मुदत संपताच आपल्या गावी परततो हे त्यात गृहीत धरलेले होते. १९७३ पर्यंत पश्चिम जर्मनीत काम करणाऱ्या परदेशी कामगारांची संख्या सुमारे २६ लाखांवर गेली होती. त्यांच्या वसतिगृहांची, वेतनाची आणि परवान्यांची नोंद सरकारी दप्तरात सापडते. परंतु दिवसभराचे काम संपवून एखाद्या परक्या घराच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या कपासमोर बसलेल्या अशा एका माणसाला कसे वाटत असेल, याची नोंद राइनर वेर्नर फासबिंडर या दिग्दर्शकाने १९७४ साली प्रदर्शित झालेल्या 'आंग्स्ट एसेन झेले आउफ' या चित्रपटात केली. भीती माणसाचा आत्मा खाऊन टाकते, असा या शीर्षकाचा आशय असून, इंग्रजी भाषिक जगात हा चित्रपट 'अली : फिअर ईट्स द सोल' या नावाने ओळखला जातो. म्युनिक शहरात साफसफाईची कामे करून पोट भरणारी साठीची विधवा एमी आणि मोटारदुरुस्तीच्या गॅरेजात काम करणारा, तिच्याहून वयाने बराच लहान असलेला मोरोक्कन अली यांच्या प्रेमाची आणि लग्नाची ही कथा आहे.

प्रस्तुत लेखिकेने हा चित्रपट प्रथम पाहिला तो पुण्यातील एका फिल्म सोसायटीच्या खेळात, विद्यार्थिदशेत. पुढे चित्रपट रसास्वादाच्या वर्गांतून तो वेगवेगळ्या वयाच्या प्रेक्षकांसोबत पुन्हा पाहण्याचे आणि दाखवण्याचे काम तिच्याकडे आले. प्रस्तुत लेखनाचा विषय हा चित्रपट जितका आहे, तितकाच तो पाहत असताना अंधाऱ्या सभागृहात जे घडत जाते तो अनुभवही आहे, कारण फासबिंडरने या कृतीत प्रेक्षकाच्या पाहण्यालाच एक भूमिका दिलेली आहे आणि ती लक्षात घेतल्याशिवाय चित्रपटाचे वर्णन अपुरे राहते.

पहिल्याच दृश्यात बाहेर पाऊस पडत असतो आणि एमी आडोशासाठी एका दारूच्या गुत्त्यात शिरते. तो गुत्ता अरब कामगारांचा आहे. एमी दारापाशीच्या टेबलाजवळ बसते, आणि आतल्या टोकाला काउंटरशी उभी असलेली सर्व माणसे एकही शब्द न बोलता तिच्याकडे वळून पाहत राहतात. कॅमेरा आधी तिच्या बाजूने त्यांच्याकडे पाहतो, मग त्यांच्या बाजूने तिच्याकडे, आणि या दोन्ही चित्रचौकटींत मधल्या मोकळ्या जमिनीचे अंतर भलतेच मोठे दिसते. एक तरुणी अलीला थट्टेने त्या म्हातारीसोबत नाच करायला सांगते आणि तो खरोखरच उठून तिच्यापाशी जातो. पुण्यातल्या त्या पहिल्या खेळात या क्षणी सभागृहात खसखस पिकली होती, आणि पुढील बहुतेक खेळांतही ती याच ठिकाणी पिकत आली. हे हसू दुष्टाव्याचे नसते. जाडसर, ओघळलेल्या खांद्यांची, चुरगळलेल्या झग्यातली वृद्ध स्त्री आणि उंच, धिप्पाड, काळ्या दाढीचा पुरुष असे जोडपे पडद्यावर एकमेकांच्या कमरेला हात घालून उभे राहिलेले पाहण्याची सवयच डोळ्यांना नसते. गुत्त्यातील माणसे हसत नाहीत, फक्त पाहतात, आणि त्या क्षणी प्रेक्षकगृहातील रांगा आणि काउंटरजवळचा तो घोळका यांच्यात फारसा फरक उरत नाही.

अशा कथानकाला चित्रपटशास्त्रात 'मेलोड्रामा' म्हणतात; मराठीत हा शब्द बहुधा भडक, रडक्या कथेसाठी हेटाळणीने वापरला जात असला, तरी शास्त्रात त्याचा अर्थ अधिक नेमका आहे, तो असा की घर, नाती आणि समाजाची बंधने यांच्या कात्रीत सापडलेल्या व्यक्तीच्या भावनांना केंद्रस्थानी ठेवणारी रचना. फासबिंडरने ही रचना घेतली ती हॉलिवूडमधील जर्मन वंशाचे दिग्दर्शक डग्लस सर्क यांच्याकडून. सर्क यांच्या १९५५ सालच्या 'ऑल दॅट हेवन अलाउज' या चित्रपटात सुखवस्तू विधवा आपल्याहून तरुण अशा माळीकाम करणाऱ्या पुरुषाच्या प्रेमात पडते आणि तिची मुले तिला एकटेपणाचा उतारा म्हणून दूरदर्शन संच भेट देतात. फासबिंडरच्या चित्रपटात एमी आपल्या प्रौढ मुलांना बोलावून नव्या नवऱ्याची ओळख करून देते, तेव्हा कॅमेरा त्यांच्या गोठलेल्या चेहऱ्यांवरून सावकाश सरकत जातो आणि मग एक मुलगा उठून आईच्या दूरदर्शन संचाची काच लाथेने फोडतो. सर्क यांच्या काचेत विधवेचे एकाकी प्रतिबिंब पडत होते. येथे ती काचच शिल्लक राहत नाही. जावयाची आळशी, तिरसट भूमिका स्वतः फासबिंडरने केली आहे, हेही सांगण्याजोगे आहे.

लग्नानंतर बहिष्कार सुरू होतो, पण त्यात मारहाण नाही की दंगा नाही, आणि चित्रपटाची शांतता याच ठिकाणी अंगावर येते. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार अलीने मागितलेली वस्तू आपल्याला कळलीच नाही असे दाखवतो. इमारतीतील शेजारणी जिन्यात घोळका करून उभ्या राहतात आणि एमी जवळ आली की गप्प होतात. तिच्या सोबतच्या सफाई कामगार स्त्रिया दुपारचा डबा खाताना तिच्यापासून दूर सरकतात, आणि कॅमेरा जिन्याच्या गजांआडून एकट्या एमीला दाखवतो. दारांच्या, खिडक्यांच्या, कठड्यांच्या चौकटींत माणसे अशी अडकवून ठेवण्याची ही पद्धत छायाचित्रकार युर्गेन युर्गेस यांनी चित्रपटभर सांभाळली आहे. वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला या भागासाठी कोणत्याही टिपणाची गरज पडत नाही; जिन्यात अचानक थांबलेले बोलणे काय सांगते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. वर्गात मोरोक्को नकाशावर दाखवावा लागतो, भरतीचे करार समजावून द्यावे लागतात, पण जिना समजावून द्यावा लागत नाही.

एमीला निष्पाप बळी म्हणून उभे न करण्यात फासबिंडरची खरी थोरवी आहे. तिचा पहिला नवरा पोलिश होता, म्हणजे परक्याशी लग्न करणे तिला नवीन नाही. पण आपले वडील नाझी पक्षात होते आणि त्या काळी बहुतेक सगळेच होते, हेही ती अलीला इतक्या सहजपणे सांगते की ऐकणारा दचकतो. विवाहनोंदणी झाल्यावर मेजवानीसाठी ती अलीला एका महागड्या इटालियन उपाहारगृहात घेऊन जाते, कारण हिटलर तेथे जेवायला येत असे आणि तेथे एकदा तरी जावे अशी तिची फार दिवसांची इच्छा असते. पदार्थांची यादी तिला वाचता येत नाही, वेटर उपचारापुरता उभा असतो, आणि दोन दरवाजांच्या पलीकडून दिसणारे ते जोडपे रिकाम्या दालनात अतिशय लहान भासते. इतिहासाविषयीची एमीची ही अजाण निरागसता आणि अलीविषयीची तिची माया या दोन्ही गोष्टी एकाच बाईत नांदतात, आणि दिग्दर्शक त्यांतील एकीसाठी दुसरीला झाकत नाही.

उघड्यावरच्या एका कॅफेत पिवळ्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये ते दोघेच बसलेले असतात, दूर उभे असलेले नोकर त्यांच्याकडे टक लावून पाहत असतात, आणि तेव्हा एमीचा बांध फुटतो. रडत रडत ती म्हणते की आपण कुठेतरी दूर जाऊन येऊ, आणि परत येऊ तेव्हा सगळे बदललेले असेल. पुढच्याच भागात ते सहलीहून परततात आणि सगळे खरोखरच बदललेले असते. दुकानदाराला बड्या दुकानांच्या स्पर्धेत हातचे गिऱ्हाईक जाऊ द्यायचे नसते, शेजारणीला तळघरात सामानासाठी जागा हवी असते, मुलाला आपले मूल सांभाळायला आई लागते. प्रत्येकाला काहीतरी हवे असल्यामुळे प्रत्येक जण गोड बोलू लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रेक्षकाची अपेक्षा अशी असते की आता कथा सुखाच्या किनाऱ्याला लागेल, आणि नेमके येथूनच संसाराला तडे जाऊ लागतात. परक्यांच्या प्रेमाला समाजाने केलेला विरोध हा विषय अनेक कलाकृतींनी हाताळला आहे. विरोध ओसरल्यावर त्या प्रेमाचे काय होते, हे विचारण्याचे धाडस फार थोड्यांनी केले, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते हा चित्रपट थोर ठरतो तो या उत्तरार्धामुळे.

बाहेरची नजर आता एमीच्या डोळ्यांत उतरलेली असते. सहकारी स्त्रिया घरी आल्या असता ती अलीला उभे करते आणि त्याचे दंड किती पिळदार आहेत ते त्यांना चाचपून पाहू देते. त्या त्याच्याभोवती फिरतात, त्याच्या स्वच्छतेचे कौतुक करतात, आणि तो काही न बोलता निघून जातो, तेव्हा एमी त्या स्त्रियांना सांगते की हा त्याच्या परक्या स्वभावाचा भाग आहे. अलीला कुसकुस खावेसे वाटते. गव्हाच्या रव्याच्या बारीक कण्या वाफवून केलेला आणि भाज्या किंवा मांसाच्या रश्श्यासोबत खाल्ला जाणारा हा पदार्थ उत्तर आफ्रिकेत घरोघरी रांधला जातो. पण एमीला तो आवडत नाही आणि अलीने आता जर्मन जेवणाची सवय करावी असे ती सुचवते. मग अली गुत्त्याच्या मालकिणीकडे जाऊ लागतो, जी त्याला कुसकुस करून घालते. कामावर हर्झेगोव्हिनाची एक नवी स्त्री रुजू होते, इतर जणी तिला टाळतात, आणि एमीही त्यांच्यासोबत दुसऱ्या बाजूला जाऊन बसते. कॅमेरा जिन्याच्या त्याच गजांआडून या वेळी त्या नव्या स्त्रीला एकटी दाखवतो. वर्गात या चौकटीपाशी चित्रपट थांबवावा असे अनेकदा वाटते, पण तो थांबवला जात नाही, कारण जे प्रेक्षक ती चौकट ओळखतात त्यांच्यात उमटणारी हालचाल कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा बोलकी असते.

यानंतर येणारा गॅरेजमधला प्रसंग हा या सामूहिक अनुभवाचा कळसबिंदू होय. अली घरी येईनासा झाल्यावर एमी त्याला परत बोलावण्यासाठी त्याच्या कामाच्या जागी जाते. तिला पाहून एक सहकारी, ही मोरोक्कोहून आलेली तुझी आजी काय, अशा अर्थाची थट्टा करतो, सगळे हसतात, आणि अलीही त्यांच्यात सामील होतो. चित्रपटाच्या आरंभी याच जोडप्याकडे पाहून हसलेले सभागृह या वेळी चिडीचूप असते. दीड तासाच्या अवधीत प्रेक्षक हसणाऱ्यांच्या घोळक्यातून उठून जिच्यावर हसले जात आहे तिच्या शेजारी येऊन बसलेला असतो, आणि हे स्थलांतर करवण्यासाठी दिग्दर्शकाने एकही उपदेशाचे वाक्य खर्च केलेले नसते, पार्श्वसंगीताचा लोंढाही सोडलेला नसतो. संगीत येते ते बहुतांशी गुत्त्यातील ज्यूकबॉक्समधून, म्हणजे नाणे टाकून तबकडी ऐकवणाऱ्या यंत्रातून.

या परिणामात नटांचा वाटा मोठा आहे. संगीतिका आणि कॅबरे यांच्या रंगमंचावर कारकीर्द घडवलेल्या ब्रिगिटे मीरा यांनी साठी ओलांडल्यावर एमी साकारली. अलीची भूमिका करणारा एल हेदी बेन सालेम हा व्यावसायिक नट नव्हता, तो त्या काळी फासबिंडरचा जोडीदार होता, आणि त्याच्या संथ, जपून टाकलेल्या हालचालींत परक्या देशात सतत पाहिले जाण्याची सवय झालेल्या माणसाचे अवघडलेपण आहे. बेन सालेमचे नंतरचे आयुष्य दुःखद ठरले. १९७७ मध्ये फ्रान्समधील तुरुंगात त्याचा मृत्यू झाला, आणि फासबिंडरने आपला अखेरचा चित्रपट 'क्वेरेल' त्याच्याशी असलेल्या मैत्रीला अर्पण केला. दोन मोठ्या निर्मितींच्या मधल्या सवडीत, जेमतेम दोन आठवड्यांत चित्रित झालेल्या या लहानशा कृतीला १९७४ च्या कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय चित्रपट समीक्षक संघटनेचा पुरस्कार मिळाला.

शेवटाकडे एमी पुन्हा त्या गुत्त्यात येते, अली तिच्याबरोबर नाचू लागतो, ती त्याला सांगते की तू मोकळा आहेस, पण आपण जेव्हा सोबत असू तेव्हा एकमेकांशी प्रेमाने वागले पाहिजे. आणि अली पोट धरून कोसळतो. रुग्णालयातील डॉक्टर सांगतो की त्याच्या जठराचा व्रण फुटला आहे, परदेशी कामगारांत हा आजार वारंवार आढळतो, त्याचे मूळ त्यांच्यावरील विशेष ताणात आहे, आणि शस्त्रक्रियेने तो आता बरा झाला तरी सहा महिन्यांनी पुन्हा येथेच येईल. आपण तसे होऊ देणार नाही, असे एमी म्हणते. या वाक्यावर वर्गातील चर्चा हमखास दुभंगते. काहींना ते आशेचे वाटते. काहींच्या मते एका बाईच्या निर्धाराने गॅरेज, इमारत, दुकान आणि कायदा बदलत नाहीत, म्हणून डॉक्टरचेच खरे ठरणार. एकदा एका मध्यमवयीन प्रेक्षक स्त्रीने या वादात असे विचारले की घरी गेल्यावर एमी कुसकुस करायला शिकेल का, आणि त्यानंतरची सारी चर्चा त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली. हा प्रश्न क्षुल्लक नव्हे, कारण चित्रपट चित्रित झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, नोव्हेंबर १९७३ मध्ये, पश्चिम जर्मन शासनाने परदेशी मजूरभरती थांबवली, आणि एकदा गेल्यास परत येता येणार नाही या धास्तीने अनेक कामगारांनी मायदेशी परतण्याऐवजी आपली कुटुंबे जर्मनीत बोलावून घेतली; ज्यांना पाहुणे म्हणून आणले होते ते शेजारी म्हणून राहिले, त्यांच्या चुली तेथेच पेटल्या, आणि त्या इमारतींच्या जिन्यांत कोणी कोणाशी कसे बोलावे हे नव्याने ठरू लागले.