जुनी सायकल, साठ दिवस आणि आम्ही

परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांविषयी गावाकडे एक समज असतो, की यांच्या घरात सारे काही नवे कोरे असते. वस्तुस्थिती तशी नाही. कॅलिफोर्नियात राहूनही महिनाअखेर आम्ही हिशेबाची वही उघडून बसतो. २०२३ साली घरातली मुख्य नोकरी कपातीत गेली, तेव्हा तर ही वही रोजच उघडावी लागली. कामाच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात दुसरी सोय झाली नाही, तर बिऱ्हाड आवरायचे.

नेमकी याच वेळी आमच्या चौदा वर्षांच्या मुलाला डोंगरात चालवायची सायकल हवी होती. पुढे आणि मागे, दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली नवी सायकल दोन-तीन हजार डॉलरला सहज जाते. नाही म्हणून मोकळे होता आले असते. पण घरातल्या काळजीने मुलगाही गप्प झाला होता. आम्ही उभयतांनी विचार केला आणि १५० डॉलरची मर्यादा ठरवून जुनी सायकल शोधायला घेतली.

एका निवृत्त गृहस्थांच्या गॅरेजमध्ये १९९७ सालची ॲल्युमिनियमची सायकल मिळाली. किंमत ७० डॉलर. जुनी घेताना काय पाहावे, हे सांगितले पाहिजे. प्रथम सांगाड्याचे सगळे जोड पुसून उजेडात पाहावेत. ॲल्युमिनियमला तडा असेल तर फुकटही घेऊ नये. नुसता डाग देऊन ती ताकद परत येत नाही. मग सीट धरून मागची बाजू हळूच उचलावी. खडखड जाणवली तर सांध्यांचे बुश झिजलेले असतात. चेन फूटपट्टीने मोजावी. १२ पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. पाव इंचाच्या निम्म्याने जरी वाढल्या, तरी चेनबरोबर गिअरच्या चकत्याही गेल्या असे समजावे. आमच्या सायकलीचा सांगाडा निर्दोष होता. टायर आधीच्या मालकाने बदललेले होते. बाकी सारे थकलेले होते.

पुढच्या फोर्कमध्ये त्या काळी स्प्रिंगऐवजी रबरासारखे गुटके घालत. वर्षांनुवर्षांत त्यांचा चिकट भुगा झाला होता. त्या जागी बसणारा स्प्रिंगचा संच ३२ डॉलरला मिळाला. मागच्या शॉकमध्ये हवा भरली की सकाळपर्यंत निघून जाई. लहानपणी पंक्चरवाल्याच्या घमेल्यात ट्यूबचे बुडबुडे आम्ही पाहिले होते. तोच उपाय केला. शॉक पाण्यात धरला, तेव्हा गळती कडेच्या रबरी सीलमधून होती. सगळी हवा सोडल्याशिवाय शॉक कधीही खोलू नये, दाबाने भाग अंगावर उडतो. नवे सील १८ डॉलरला आले. चेन, केबल आणि ब्रेकचे रबर मिळून २८. एकूण खर्च १४८ डॉलर.

सीटची दांडी मात्र नळीत गंजून बसली होती. रोज संध्याकाळी तेल सोडायचे आणि वाट पाहायची. दिवसभर नोकरीचे अर्ज, मुलाखती, नकार. संध्याकाळी तिघे गॅरेजात. नवव्या दिवशी दांडी फिरली. मुलगा ओरडला, "आई, हलली!" कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज घरात मोठा झाला होता.

एका रविवारी फेअरफॅक्स गावचे सायकलींचे संग्रहालय त्याला दाखवले. तिथे जवळच टॅमलपाय डोंगर आहे. १९७० च्या दशकात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही तरुण मंडळी १९३०-४० च्या काळातल्या जुन्या जड सायकली दुरुस्त करून त्या डोंगरावरून खाली सोडत. १९७६ साली त्यांनी शर्यत सुरू केली. उताराने मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई, ते दर वेळी पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या वाटेला 'रीपॅक' हे नाव पडले. १९७७ साली ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी सांगाडा बनवला. माउंटन बाइकचा हा पसारा जुनी सायकल हाताने नीट करणाऱ्यांनीच उभा केला, हे ऐकून आमच्या चिरंजीवांना आपल्या सायकलीची लाज वाटेनाशी झाली.

एके रात्री त्याने विचारले, "आपल्याला परत जावे लागले तर सायकल नेता येईल?" आम्ही म्हटले, "तूच ती सुटी केलीस ना? तशीच पुन्हा सुटी करून खोक्यात भरू." तो शांत झोपला. आम्हाला मात्र उशिरापर्यंत झोप आली नाही.

५२ व्या दिवशी नोकरीचे पत्र आले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे, पण बिऱ्हाड मोडले नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, घरावर अडचण आली की आपण मुलांना ती कळू नये म्हणून धडपडतो. मुलांना ती कळतेच. त्यापेक्षा त्यांच्या हाती पाना द्यावा आणि शेजारी बसावे. काम कुठलेही चालेल, सायकलच पाहिजे असे नाही. आमचा मुलगा आता शेजारच्या पोरांचे पंक्चर काढून देतो, पैसे घेत नाही. घमेले मात्र आमचे स्वयंपाकघरातलेच नेतो.